बदकाचा एप्रन

बुधवार, ४ फेब्रुवारी

पोरी,

सगळ्यांत आधी टपकला तो वहीवाला. काल सकाळी बाटल्यांच्या कारखान्याचा भोंगा नुकता होऊन गेला होता, आया आपापली पोरं माझ्या दारात सोडून फाटकाकडे पळाल्या होत्या, आणि हा चौकटीत उभा. काखेत ही एवढी वही. मला वाटलं, विजेचं बिल घेऊन आलाय. म्हटलं, "मीटर मागच्या बाजूला आहे." तर म्हणतो, "आजी, आम्ही मुलं मोजायला आलोय." मी म्हटलं, "मग बसा निवांत, ती मीटरसारखी एका जागी थांबत नाहीत."

त्याच्यामागून आली चष्मेवाली डॉक्टरीण, आणि तिच्यामागून बर्फाची पेटी सांभाळत सुईवाली. आरोग्य केंद्राची माणसं येणार हे तुला मागच्या पत्रात लिहिलंच होतं. आपल्या भागातल्या किती मुलांना कावीळ होऊन गेलीय, किती जणांच्या अंगात ती अजून मुक्काम ठोकून आहे, हे त्यांना मोजायचंय. मी म्हटलं, मोजा. माझ्या पाळणाघरात एवढ्या वर्षांत एका पोराचा डोळा पिवळा झालेला मी पाहिला नाही. चष्मेवाली नुसती हसली. फार बोलत नाही ती, पण हसते छान.

मी तिला आठवड्यापूर्वी छाती ठोकून सांगितलं होतं, एकोणीस कागदांवर आयांच्या सह्या आणून देईन आणि एकोणीस हात पुढे करीन. बाई, सह्या जमवता जमवता घसा बसला माझा. मुलं वीस आहेत, पण जिच्या एप्रनवर छत्रीचं चित्र आहे त्या आपल्या छत्रीची आई काही सही करेना. आज देते, उद्या देते, कागद कुठेतरी ठेवलाय. तिला आठवा सरत आलाय आणि अजून उभ्याने बाटल्या तपासते, उजेडासमोर धरून, तडा आहे का बघत. मी तिला म्हटलं, "अगं, बाटलीला तडा आहे का बघतेस, स्वतःला एकदा दाखवून ये डॉक्टरला." तर म्हणते, "रजा टाकली की पाळी दुसरीला जाते, आजी." असो. म्हणून एकोणीस.

तुला ठाऊकच आहे, मला अक्षरांपेक्षा चित्रं लवकर कळतात. प्रत्येकाच्या निळ्या एप्रनवर मी चिंधीचं चित्र शिवलंय आणि त्याच चित्राची खुंटी, त्याच चित्राचा पेला. घोडा, किटली, छत्री, आणि तुझी लेक म्हणजे बदक. वहीवाला आधी मुलांना नावं विचारत होता. एकानेही धड सांगितलं नाही, सगळे आपापलं चित्र दाखवून मोकळे. शेवटी त्यानेही वहीत घोडा, किटली असंच लिहिलं आणि पुढे कागदावरची नावं जोडली. म्हणाला, "आजी, तुमची पद्धत बरी आहे." मी फुगले.

हात देईल त्याला लाल फुगा मिळत होता. काय तो गोंधळ. घोडा मधेच काहीतरी बरळला आणि सगळी पोरं खिदळली. आणि आपली बदक अशी बसली म्हणून सांगू, हूं नाही की चूं नाही. सुईवाली म्हणाली, "ही तर वाघीण आहे." मी म्हटलं, "आईवर गेलीय."

तू तिकडे नर्सिंगची पुस्तकं वाचतेस, मी इकडे असं करून दाखवते. वेळेवर जेव.

तुझी आई

---

मंगळवार, १० फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र वाचून वसतिगृहाच्या जिन्यात एकटीच हसत होते. खोलीतल्या दोघींना वाचून दाखवलं. वहीवाला त्यांना फार आवडला.

पण एक सांग. बदक खरंच रडली नाही? नखं कापायची कात्री दिसली तरी ती कपाटाच्या मागे जाते. मागे ताप आला तेव्हा इंजेक्शनसाठी आपण दोघींनी तिला धरलं होतं, आठवतंय ना? चार महिन्यांत एवढी शूर झाली असेल तर चांगलंच आहे. मला मात्र जरा चुटपुट लागली, की हे बघायला मी तिथे नव्हते.

आणि "एका पोराचा डोळा पिवळा झालेला पाहिला नाही" हे कुणाला छाती काढून सांगू नकोस. कावीळ एक नसते, आई. एक पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून येते. लहान मुलांना ती होते आणि निघूनही जाते, जरा मलूल होतात, एखाद दिवस जेवत नाहीत, आपल्याला वाटतं पोट बिघडलं. मोठ्या माणसाला तिनेच गाठलं तर महिनाभर झोपवते. दुसरी रक्तातून येते, तिला बी म्हणतात. ती मुलांमध्ये कमी दिसते, पण लहानपणी शिरली तर बहुतेक वेळा जात नाही. वर्षानुवर्षं गप्प बसून राहते आणि पुढे यकृताचं नुकसान करते. ते लोक दोन्ही शोधताहेत.

मुलांचे हात अजून त्या एका बादलीतच बुचकळतेस का? नळाखाली धुवायला लाव. साबण लावून. ऐक माझं.

तुझी लेक

---

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पोरी,

तू शाळेत गेलीस ते मला शिकवायला, हे मला ठाऊक असतं तर तुझी फी त्या शाळेकडून परत मागितली असती. बादली गेली. काल दुपारीच गेली. आता ती केरसुणीशेजारी उलटी पडलीय आणि मी तिच्याकडे बघत नाही.

झालं काय, काल चष्मेवाली एकटीच आली. मी म्हटलं, "या, निकाल आणलात?" म्हणाली, "अर्धा आणलाय. पाण्याच्या काविळीचा." आणि मुलांच्या छोट्या बाकावर बसली, गुडघे हनुवटीला लागत होते बिचारीचे. म्हणाली, "आजी, एकोणीसपैकी चौदा मुलांना होऊन गेलीय."

मी म्हटलं, "शक्य नाही."

"झालीय. तुम्हाला कळली नाही, इतकंच."

"अहो, मी रोज डोळे बघते त्यांचे."

"डोळे पिवळे झालेच नसतील. बऱ्याच मुलांचं तसंच असतं. या गल्लीत सगळीकडे असेच आकडे निघताहेत. म्हणून तर रक्त तपासावं लागतं, नुसतं बघून मोजता आलं असतं तर मी कशाला सुया घेऊन फिरले असते?"

मला इतका राग आला, पण तिचा नाही. मागच्या पावसाळ्यात किटलीची आई महिनाभर पिवळी होऊन पडली होती ना? आम्ही सगळ्याजणी म्हणत होतो, कारखान्याच्या उपाहारगृहातलं पाणी. मी तर तिथल्या व्यवस्थापकाला तोंडावर सुनावून आले होते. आणि चष्मेवाली म्हणते, किटलीने घरी नेली असेल, इथून. माझ्या बादलीतून. त्या व्यवस्थापकाला आता मी कोणतं तोंड दाखवू? तो दिसला की मी हल्ली पदर सावरायच्या निमित्ताने मान वळवते.

एक बरं सांगितलं तिने. त्या चौदांना ही कावीळ पुन्हा व्हायची नाही. बाकीच्यांना लस देतील. नळापाशी मी आता लाकडी पायरी ठेवलीय आणि साबण दोरीला बांधलाय, नाहीतर घोडा तो चेंडू म्हणून फेकतो.

बी काविळीचा निकाल मोठ्या प्रयोगशाळेतून यायचाय. कुणात काही सापडलं तर पालकांच्या पत्त्यावर टपालाने कळवतील. बदकच्या कागदावर तुझाच पत्ता आहे.

बदक रडली का, म्हणून किती विचारशील? मोठी होतात मुलं. आता चित्र काढत बसलीय, तुझं आहे म्हणते, पाय सहा काढलेत. छत्री तिच्या शेजारी आहे. दोघी एकमेकींना सोडत नाहीत, उंचीही एक, केसही एकसारखे कापून घेतलेत दोघींनी हट्ट करून. छत्रीच्या आईचे पाय सुजलेत फार. मी रोज ओरडते, ती रोज हसते.

तुझी आई

---

बुधवार, ४ मार्च

आई,

हे पत्र बसून, नीट, एकटीने वाच. शेजारच्या शिंपीणबाईंना वाचायला देऊ नकोस.

आरोग्य खात्याचं पत्र सोमवारी आलं. बदकच्या रक्तात बी काविळीचा विषाणू सापडलाय. मुलीला घेऊन केंद्रात यावं, आईचीही तपासणी करावी, असं लिहिलंय.

मी ते पत्र चार वेळा वाचलं. मग मेट्रनकडे गेले आणि सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, मी रोज सुया हाताळते. त्यांनी मला लगेच वॉर्डातून काढून भांडारात बसवलं, रिपोर्ट येईपर्यंत. दोन दिवस मी चादरी मोजत होते आणि एकच विचार करत होते. बदक पोटात असताना माझी तपासणी झाली होती का? कागद सापडत नाही. हा विषाणू बहुतेक वेळा आईकडूनच येतो, जन्माच्या वेळी. आईला स्वतःला काही त्रास नसतो, तिला पत्ताही नसतो. बाळ जन्मलं की पहिल्या दिवसात, जमेल तितक्या लवकर, त्याला लस आणि आणखी एक इंजेक्शन दिलं तर बहुतेक बाळं वाचतात. तो एक दिवस गेला की गेला. मी तो दिवस घालवला असेन, असं मला वाटत होतं.

काल संध्याकाळी माझा रिपोर्ट आला. माझ्या रक्तात काही नाही.

मग कुठून आलं? मला सांगायला लाज वाटते, पण मी बदकच्या बाबांचा विचार केला. ते जाऊन दोन वर्षं झाली, आणि मी काल रात्रभर त्यांच्यावर संशय घेत होते. त्यांचं दाढीचं पातं, त्यांचा तो अपघात, तिथे दिलेलं रक्त. मग तुझा विचार केला. तू मुलांचे काटे काढतेस ती सुई. एकच सुई आहे ना तुझी, डब्यातली? ती तू उकळतेस का? खरं सांग.

बदकला वेगळं ठेवू नकोस. एकत्र खाण्यापिण्याने, खेळण्याने, मांडीवर घेण्याने हे पसरत नाही. फक्त रक्त जपायचं, जखम झाकायची, दात घासायचा ब्रश वेगळा.

मी २० तारखेला येते आणि तिला इकडे घेऊन येते. पाळणाघराचं काय करायचं ते नंतर बघू. माझा तुझ्यावर राग नाही असं लिहायचं होतं, पण ते खरं ठरणार नाही.

तुझी लेक

---

सोमवार, ९ मार्च, सकाळ

पोरी,

तुझं पत्र शनिवारी आलं. एकटीने वाचलं. काल रविवार, केंद्र बंद असतं, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. आता शिंपीणबाईंना मुलांजवळ बसवलंय आणि ओट्यावर उभ्याने लिहितेय.

ते रक्त बदकचं नाही.

त्या दिवशी तिचं नाव पुकारल्यावर ती कपाटामागे शिरली. मी ओढायला गेले तर माझ्या हाताला चावली. ती एकदा ओरडली असती की सगळी एकोणीस पोरं ओरडली असती, आणि मी चष्मेवालीला शब्द दिला होता. पलीकडे छत्री रडत होती, तिचा कागद नव्हता म्हणून तिला फुगा नव्हता. मी पडद्याआड बदकचा एप्रन काढला आणि छत्रीला घातला. मला वाटलं, एकीचं रडं थांबेल, दुसरीचं टळेल, यांचा आकडा पुरा होईल. काय बिघडतंय, मुलं ती मुलं. घोडा म्हणाला, "ही तर छत्री आहे." मी म्हटलं, "आज छत्री बदक झालीय." सगळे हसले. वहीवालाही हसला आणि त्याने लिहून टाकलं.

वाघीण ती होती. माझी नात नव्हती.

तू लिहिलंस ते आईकडून बाळाला, पहिल्या दिवसात, ते वाचेपर्यंत मला फक्त तुझी भीती वाटत होती. वाचलं आणि छत्रीच्या आईचं पोट डोळ्यांसमोर आलं. तिला नववा सरत आलाय. तिने कुठेही दाखवलेलं नाही. तिला काही ठाऊक नाही, कारण तिच्या मुलीचं पत्र तुझ्या पत्त्यावर गेलं.

आज भोंगा झाला तरी छत्री आली नाही. तिचा एप्रन खुंटीवर तसाच आहे.

मी केंद्रात निघालेय. हे वाटेत पेटीत टाकते. सुई मी उकळते, पण हे आता सांगून काय उपयोग.

आई

---

गुरुवार, १२ मार्च

आई,

तुझं पत्र काल मिळालं. किराणावाल्याकडे तीनदा फोन लावला. तो म्हणतो, आजी दोन दिवस दिसल्या नाहीत, पाळणाघराला कडी आहे.

माझ्या रागाचं नंतर. आधी एवढंच कळव, ती बाई सापडली का, आणि वेळेत सापडली का. बदक कुठे आहे तेही लिही.

लेक

---

सोमवार, १६ मार्च

पोरी,

बदक माझ्याजवळ आहे. कडी होती ते दोन दिवस मी केंद्रात आणि प्रसूतिगृहात होते, ती शिंपीणबाईंकडे होती, बटणं ओवत. आता पहिल्यापासून सांगते, मधे विचारू नकोस, माझा धागा तुटतो.

केंद्रात पोचले तेव्हा बाहेर तीस माणसं. नंबर लावा म्हणाले. मी म्हटलं, मी आजारी नाही, मी चूक सांगायला आलेय, त्याची रांग कुठे आहे? दारावरचा शिपाई बावचळला आणि त्याने आत सोडलं. चष्मेवाली, सुईवाली, वहीवाला, तिघंही होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, एप्रनपासून. वहीवाल्याने वही उघडली आणि बदकच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याचीच कीव आली, तो हसला होता ना तेव्हा.

चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मुलीच्या आईची सही नव्हती?"

"नव्हती."

"आणि तुम्ही सुई टोचू दिलीत."

"दिली."

"त्या आईला दुसरं मूल होणार आहे का?"

मी म्हटलं, "आज-उद्या."

तिने टेबलावरची किल्ली उचलली आणि निघाली, आम्ही तिच्यामागे. केंद्राच्या गाडीत मी पुढे बसले, रस्ता दाखवायला. बाई, मी त्या घरी शंभरदा गेलेय, आणि त्या दिवशी मला वळण सापडेना. दोनदा चुकले. सुईवाली मागून म्हणाली, "आजी, श्वास घ्या." मी म्हटलं, "घेतेय, तोच रस्ता चुकवतोय."

तिसऱ्या मजल्यावर राहते ती. आम्ही खाली पोचलो तर ती जिन्यातच, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कठड्याला धरून उभी. पिशवी भरलेली, छत्री तिच्या पदराला. नवरा गाडी बघायला गेलेला. पहाटेपासून कळा येत होत्या. मला बघून पहिलं काय म्हणाली असेल? "आजी, तुम्ही इथे? मग मुलांजवळ कोण आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं तर चष्मेवालीने मला हाताने थांबवलं. म्हणाली, आधी गाडीत. पण पोरी, मला ते गाडीपर्यंत नेता आलं नाही. मी तिथेच, जिन्यात सांगितलं. कळ येत होती तिला. कळ ओसरेपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला, आणि ओसरली तसा सोडून दिला.

म्हणाली, "माझ्या लेकीला सुई टोचलीत. मला न विचारता."

"हो."

"मी सही का केली नाही ते तुम्हाला ठाऊक होतं? मला भीती वाटत होती, काही निघेल म्हणून. माझी आई पोट फुगून गेली. कशाने, ते कुणी सांगितलं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं."

 ती बाटलीतला केसाएवढा तडा पकडणारी बाई. स्वतःकडे तेवढंच बघायचं टाळत होती, आणि मी रोज तिला हसून ओरडत होते.

छत्री म्हणाली, "मला फुगा मिळाला होता." तेव्हा ती रडली.

प्रसूतिगृहात तिचं रक्त लगेच पट्टीवर तपासलं. निघालं. तिच्याकडूनच छत्रीला आलेलं. चष्मेवाली म्हणाली, लस इथल्या शीतपेटीत आहे, पण दुसरं इंजेक्शन इथे नाही, ते मोठ्या रुग्णालयातून आणायचं, जायला-यायला पाच तास. वहीवाला म्हणाला, "मी जातो." तीच बर्फाची पेटी घेऊन गेला, केंद्राच्या गाडीत. ती गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा दहा वाजले होते.

साडेअकराला बाळ झालं. मुलगी. लस तिथल्या तिथे दिली. पण दुसऱ्या सुईसाठी मी त्या बाकावर बसून राहिले. बारा झाले, एक झाला, तीन वाजून गेले. चष्मेवाली म्हणत होती, बारा तासांच्या आत दिलं की चालेल, उगाच जीव टांगणीला लावू नका. मला ते कळत होतं, पण पोरी, माझं डोकं एकाच हिशेबात अडकलं होतं. चार फेब्रुवारीला मी तुला खरं लिहिलं असतं तर? मी एकेक पत्र आठवत होते, मी कुठे कुठे हसले होते ते.

छत्रीचा बाप समोर उभा होता. माझ्याशी बोलत नव्हता, पण मधेच येऊन त्याने पाण्याचा पेला ठेवला आणि परत जाऊन उभा राहिला. मी तो प्यायले नाही. मग वाटलं, न पिणं हाही माझा तोराच झाला. प्यायले.

सव्वातीनला वहीवाला धावत आला. पेटी छातीशी. वाटेत पूल बंद होता म्हणून दुसऱ्या रस्त्याने आला होता. बाळाला सुई दिली. ते किंचाळलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका पोराच्या रडण्याने सुटले.

अजून दोन-तीन लसी बाकी आहेत, आणि काही महिन्यांनी तिचं रक्त तपासतील तेव्हाच खात्री. पण चष्मेवाली म्हणाली, वेळेत झालं. तू लिहिलेलं तेच होतं, शब्दन् शब्द. मी तिला तुझं पत्र दाखवलं. तिने वाचून घडी घातली आणि परत दिलं. म्हणाली, "ही मुलगी चांगली नर्स होईल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुमचं मला लेखी लागेल, आजी. सगळं." तीन तास लागले लिहायला. वहीवाल्याने शुद्धलेखन सुधारतो म्हटलं, मी नको म्हटलं. पाळणाघर ठेवायचं की नाही, ते वरचे साहेब ठरवतील. तोवर चालवा म्हणालेत, केंद्राची बाई रोज येऊन बघेल.

गुरुवारी कडी काढली. सगळ्या आयांना दारातच सांगितलं, एकेकीला, एप्रनपासून. अकरा जणींनी मुलं सोडली. सात जणी परत घेऊन गेल्या. किटलीच्या आईने सोडलं आणि म्हणाली, "बादलीचंही तुम्हीच सांगितलं होतं, आजी, कुणी विचारलं नव्हतं." 

शनिवारी छत्रीचा बाप आला. खुंटीवरचा एप्रन मागितला. मी काढून दिला. आज सकाळी छत्री आली, तोच एप्रन घालून, धुऊन इस्त्री केलेला. बाप दारातूनच म्हणाला, "तिला सांगितलंय, कुणाचा दुसरा घालायचा नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे." तिची आई काय म्हणते ते मी विचारलं नाही. छत्रीच्या गुडघ्याला खरचटलं होतं, ते मी कापडाने झाकलं, आणि तिला मांडीवर घेतलं, इतर कुणालाही घेते तशीच.

जावयाचं नाव तू त्या रात्री मनात घेतलंस, ते माझ्यामुळे. त्याची माफी मी तुझ्याकडेच मागते, दुसरं कोण आहे आता. भांडारातल्या चादरीही माझ्याच खात्यावर. तू रागाचं नंतर म्हणालीस, ते नंतर आलं की लिही, मी वाचीन.

बदकला काय आहे, काय नाही, हे मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही. तुझं रक्त चांगलं निघालं म्हणून चष्मेवालीला फारशी काळजी वाटत नाही, पण छत्रीबरोबर खेळणाऱ्या सगळ्याच मुलांचं बघायचं आणि ज्यांच्या लसी राहिल्यात त्या द्यायच्या, असं ठरलंय. बदकला मी सगळं सांगितलंय. सुई टोचेल, दुखेल, रडलीस तरी चालेल. तिने विचारलं, "छत्रीला दुखलं होतं?" मी म्हटलं, "हो." तर म्हणाली, "तिने सांगितलं नाही मला."

पहिला हात मी माझाच पुढे करणार आहे, तसं सुईवालीला सांगून ठेवलंय. तू वीस तारखेला येणारच आहेस, तर लगेच परत जाऊ नकोस, तिला मांडीवर तू घे. केंद्राची तिघंही येणार म्हणून गेलेत, गुरुवारी, २६ तारखेला, सकाळी भोंग्यानंतर.

तुझी आई